सहीपुरतं पाणी

पक्षाचं नाव नागरी पाणी आघाडी. लोक नुसतं पाणीवाले म्हणत. गावाच्या वेशीबाहेर या पक्षाला कुणी ओळखत नव्हतं, आणि गावातही निवडणुकीआधीचे दोन महिने सोडले तर तो कुणाच्या नजरेस पडत नसे. तीस वर्षांपूर्वी टेकडीवरच्या वस्तीला पाणी देतो म्हणून हा पक्ष निघाला. त्याच बोलीवर सहा वेळा नगरपालिकेत निवडून आला. टेकडीवर अजून पाणी नाही. झाला इतिहास. याहून जास्त काही केलं असतं तर तेही सांगता आलं असतं.

सातवी निवडणूक तोंडावर आली तेव्हा या मंडळींना साक्षात्कार झाला, की सगळी खोट आपल्या नावात आहे. नाचता येईना, अंगण वाकडं! मग अंगण बदलायला बैठक बसली.

कार्यालय म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याला लागून असलेली एक खोली. अठरा प्लास्टिकच्या खुर्च्या, दार न लागणारं लोखंडी कपाट, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर संस्थापकांचा मोठा फोटो. रस्त्यापलीकडे सार्वजनिक नळ आणि नळाशेजारून वर गेलेल्या ब्याण्णव पायऱ्या. पायऱ्यांच्या टोकाला ती वस्ती, एकशे चाळीस घरं. म्हणजे ज्यांच्यासाठी पक्ष काढला ती माणसं रोज सकाळी आठ ते दहा पक्षाच्या नाकासमोर बादल्या घेऊन रांगेत उभी असत. कार्यालयाच्या खिडकीला पडदा होता. तो बहुतेक वेळा ओढलेला असे.

“पाणी हा शब्द काढा,” जाहिरातवाला म्हणाला. हा गृहस्थ अध्यक्षांनी मोठ्या शहरातून खास बोलावून आणला होता. “लोक तुमची पाटी वाचतात आणि त्यांना घरचा कोरडा नळ आठवतो. तुमचं नावच तुमच्याविरुद्ध प्रचार करतंय.”

अठरा माना डोलल्या. एवढं शहाणपण आजवर कुणी ऐकवलंच नव्हतं त्यांना.

अध्यक्ष फर्निचरच्या दुकानाचे मालक. वडील लाकडाचे व्यापारी आणि पक्षाचे पहिले संस्थापक. बापानं लाकूड विकलं, मुलगा खुर्च्या विकतो आणि त्यातली एक वारशानं मिळाली म्हणून तिच्यावर बसतो. “मग काय ठेवायचं?” त्यांनी विचारलं, आणि पुढचे दोन तास त्या खोलीत जे चाललं ते ऐकून पंख्यालाही शरम वाटली असती. नवी दिशा म्हणावं, तर कुठली दिशा असं लोक विचारतील. नवी पहाट म्हणावं, तर इतके दिवस झोपला होतात का म्हणतील. विश्वास आघाडी असं एकानं सुचवलं तेव्हा मात्र सगळेच हसले. शेवटी झेप या शब्दावर गाडी थांबली. शहर झेप आघाडी. “मांजराची वाटते,” एक म्हातारा सभासद पुटपुटला, पण त्याला कुणी दाद दिली नाही. जाहिरातवाल्यानं पडद्यावर झेप घेणारी निळी रेघ दाखवली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. रेघेला कुणी जाब विचारत नाही.

“अरे, चहात साखर कमी झाली आज,” अध्यक्ष मागे वळून म्हणाले.

मागे कपाटाला टेकून, हातात रिकाम्या कपांची थाळी घेऊन चावीवाला उभा होता. नोकरीपासून त्याला सगळे चावीवालाच म्हणत. नळखात्यात चौतीस वर्षं त्यानं एकच काम केलं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच लोखंडी चावी आत घालायची आणि फेरे मोजत फिरवायची. बाजारपेठेला चौदा फेरे, स्टेशन रस्त्याला अकरा, न्यायालयाच्या बाजूला नऊ. एक फेरा कमी पडला तर कुणाच्या मोरीत काय होतं हे त्याला घरबसल्या कळायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. घरी बसून अंग आंबतं म्हणून तो रोज सकाळी आठला कार्यालय उघडायचा, झाडायचा, चहा करायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण माणूस झाडताना दिसला की तो शिपाईच, असा या लोकांचा हिशेब.

“ठराव मांडतो,” पक्षाचे चिटणीस असलेले वकील म्हणाले. त्यांनी पक्षाची जुनी नियमावली उघडली आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बसला. नियम असा होता, की पक्षाचं नाव बदलायचं तर जे संस्थापक हयात आहेत आणि पक्षात आहेत, त्या प्रत्येकाची सही हवी. त्या वेळी संस्थापकांचा एकमेकांवर काडीचा भरवसा नव्हता. आपण पाठ फिरवली की दुसरा आपल्या बापाचं नाव पक्षाला देईल अशी प्रत्येकाला धास्ती, म्हणून तो नियम.

“त्यात काय अवघड आहे?” अध्यक्षांनी फोटोकडे बोट केलं. “बाबा गेले. डॉक्टर गेले. ठेकेदार विरोधी पक्षात गेले. छापखानेवाले दोन वर्षांपूर्वी गेले. राहिलं कोण?”

“संस्थापक पाच होते,” वकील म्हणाले. “नोंदणीला पाच सह्या लागतात.”

सगळ्यांनी फोटोत पुन्हा डोकी मोजली. चारच भरली.

वकिलांनी पाचवं नाव वाचलं आणि पुढे धंदा वाचला. नळखात्यात रोजंदारी, चावीवाला. अठरा खुर्च्या एकदम करकरल्या. चावीवाल्याच्या हातात अजून थाळी होती. अध्यक्ष ताडकन उठले, ती थाळी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, “काका, उभे का तुम्ही? बसा ना!”

सहा वर्षांत त्याला त्या खोलीत कुणी बसा म्हटलेलं हे पहिलंच.

आता त्या फोटोची गोष्ट सांगायला हवी, कारण ती सांगितल्याशिवाय हा माणूस कळणार नाही. फोटोत चार संस्थापक टेकडीवरच्या नव्याकोऱ्या नळापाशी उभे आहेत आणि नळाला मनगटाएवढी धार आहे. धार खरी आहे. पण टेकडी जवळजवळ पाण्याच्या टाकीएवढीच उंच. खालच्या गावाचे नळ चालू असले की पाणी वर चढत नाही. पंप बसवला असता तर चढलं असतं. पंप बसवायचा राहिला. फोटो काढायचा मात्र राहिला नाही. त्या दिवशी चावीवाल्यानं जिवाचं रान करून सगळ्या गावाचं पाणी बंद केलं, एकेक झाकण उचलून, धापा टाकत, आणि टेकडीची चावी पूर्ण उघडली. अकरा मिनिटं धार चालली. मग लाकडाच्या व्यापाऱ्यानं वरून पांढरा रुमाल हलवला आणि खाली खड्ड्यापाशी उभ्या चावीवाल्यानं पाणी बंद केलं. म्हणून तो फोटोत नाही. पाचवी सही कमी पडत होती, ती बक्षीस म्हणून त्याच्याकडून घेतली. चौतीस-पस्तीस वर्षांचा होता, छाती फुगली त्याची.

त्याच दिवशी त्याची बायको, लग्नाला चार महिने झालेले, पाणी आलं पाणी आलं म्हणून जस्ताची बादली घेऊन धावली होती. बादली अर्धी भरली आणि धार तुटली. “कुणा मेल्यानं बंद केलं!” ती म्हणाली होती. ज्या मेल्यानं बंद केलं तो तासाभरानं घरी आला, जेवला आणि काही बोलला नाही. तीस वर्षं काही बोलला नाही. ती मात्र रोज ब्याण्णव पायऱ्या उतरत राहिली, चढत राहिली. पाण्याच्या वेळेला तो नेमका चाव्यांवर, त्यामुळे तिची बादली उचलायला हा कधीच नव्हता. आणि निवृत्त झाल्यावर? त्या वेळेला हा पठ्ठ्या कार्यालय उघडत होता. खिडकीतून त्याला ती रांगेत दिसायची. दोन वर्षांपासून तिचे गुडघे गेले होते. चढताना ती दर दहा पायऱ्यांना थांबायची, आणि तो पडदा ओढून घ्यायचा. त्यात तो बाकीच्यांहून वेगळा नव्हता.

तर अध्यक्षांनी त्याला बसवलं. फोटोशेजारी त्याचा फोटो लावू म्हणाले. ज्येष्ठ संस्थापक म्हणून पाटी देऊ म्हणाले. वकिलांनी पेन पुढे केलं.

चावीवाल्यानं पेन घेतलं नाही. “टेकडीवर पाणी आणा,” तो म्हणाला. “ज्या दिवशी माझ्या दारातल्या नळाला पाणी येईल त्या दिवशी सही करतो. मग झेप घ्या नाहीतर कोलांटी उडी मारा.”

त्या दोन तासांत पाण्याबद्दल कुणीतरी बोललं ते तेव्हाच.

घरी बायको दारात बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. दाराशेजारी तोच फोटोतला तीस वर्षांचा नळ, गंजून तांबडा झालेला. वस्तीतली माणसं त्याला पिशव्या अडकवत. त्यानं तिला सगळं सांगितलं. म्हणजे सहीचं सांगितलं.

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” ती म्हणाली. “आता वाळा तसाच ठेवून सोनूबाईला दुसरं नाव देणार का? आणि त्यांना तुमची सही हवीय! बरे सापडलात. पण एक सांगते, पाणी आल्याशिवाय कागदाला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे.”

“येईल बघ या वेळी,” तो म्हणाला. गरज पडली त्यांना म्हणजे ते करतील, असं त्याला खरंच वाटत होतं. तीस वर्षं त्यांना जवळून पाहूनही वाटत होतं, काय म्हणावं याला!

दहाव्या दिवशी निरोप आला. नवा पंप बसला, उद्या सकाळी आठला टेकडीवर पाणी. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष, वकील, जाहिरातवाला आणि एक वार्ताहर ब्याण्णव पायऱ्या चढून आले. अध्यक्षांना चौसष्टाव्या पायरीवर बसावं लागलं. तिथे कुणीतरी त्यांना पाणी दिलं, खालून आणलेलं, आणि ते गटागटा प्यायले.

आठला नळ खोकला. आधी हवा फुसफुसली, मग गंजाचं तांबडं पाणी, मग स्वच्छ धार, मनगटाएवढी. वस्तीत एकच कल्ला झाला. घराघरांतून बादल्या, पिंपं, पातेली, जे हाताला लागेल ते बाहेर आलं. बायकोनं सगळ्यांत आधी जस्ताची बादली धारेखाली धरली आणि ती रडायला लागली. एवढी तिखट बाई, पण पदर तोंडात धरून रडली.

“काका, सही,” अध्यक्षांनी कागद पुढे केला. बोललेला शब्द होता. चावीवाल्यानं पेन हातात घेतलं. घेता घेता, निव्वळ सवयीनं, डावा तळवा नळाच्या नळीवर ठेवला.

पंपाचं पाणी नळीत थरथरतं. हाताला मुंग्या आल्यासारखं लागतं. ही नळी गार होती आणि गप्प होती. त्यानं वाकून कान लावला. गप्प. पंप नव्हताच. पाणी टाकीतून आपल्या पायांनी चालत आलं होतं, म्हणजे खालचं अख्खं गाव बंद होतं. चौदा फेरे, अकरा फेरे, नऊ फेरे. ही युक्ती जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्यानं ती निवृत्त होताना आपल्या जागी आलेल्या माणसाला फुशारकीनं सांगितली होती. गुरूची विद्या गुरूला फळली!

पण या गाढवांना बघा. सगळ्या गावात ज्याला ही लबाडी कळेल असा एकच माणूस, आणि त्यालाच ती दाखवायला आणली.

त्यानं वर पाहिलं. वकिलांच्या खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक डोकावत होतं. सही झाली की ते कड्याशी जाऊन तो हलवणार. सगळं तसंच्या तसं. रागानं त्याचे कान तापले. कागद टराटरा फाडून यांच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. तेवढ्यात बायकोची बादली भरून वाहिली. ती लगबगीनं आत गेली, पिंपात ओतून परत आली आणि तिच्या मागे अजून सव्वाशे माणसं उभी होती.

चावीवाल्यानं पेनाचं टोपण लावलं.

“चष्मा राहिला घरात,” तो म्हणाला.

चष्मा सापडायला वीस मिनिटं लागली. घर दीड खोलीचं, पण सापडायला वीस मिनिटं लागली. मग तो ओट्यावर बसला आणि कागद वाचू लागला, एकेका शब्दावर बोट ठेवून. “हे ‘सर्वानुमते’ म्हणजे कुणाकुणाच्या मते?” वकिलांनी अठरा नावं सांगितली. “मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचल्याशिवाय ठराव होतो का हो? नियमात काय आहे?” नियमात होतं वाचायचं. वकिलांनी वाचला. “जरा मोठ्यानं वाचा, पाण्याचा आवाज आहे.”

नऊ वाजता अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांची पत्नी होती. डोक्याला साबण लावलेला आणि नळ बंद! मग मेहुण्याचा फोन, हॉटेलातली खरकटी भांडी पडून आहेत. मग बाजारपेठेतून, मग न्यायालयाच्या बाजूनं. अध्यक्ष फोनला तळहाताचा आडोसा करून बोलत, आणि बोलताना त्यांचं लक्ष धारेवर. थांबवावी तर सही जाते, चालू ठेवावी तर गाव जातं. वार्ताहर फोटो काढत होता. “काका, उशीर होतोय,” ते म्हणाले.

“तीस वर्षं झाली,” चावीवाला म्हणाला. “त्यात अजून थोडा. ही झेप म्हणजे नेमकी कुणावर घ्यायची ते समजावून सांगा मला.”

जाहिरातवाल्यानं समजावून सांगितलं. बारा मिनिटं सांगितलं. तेवढ्यात चाळीसेक बादल्या भरल्या.

दहाला पाच कमी असताना धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. टाकी संपली होती. शेवटची म्हातारी आपलं पातेलं भरून गेली आणि नळ पुन्हा एकदा खोकून गप्प झाला. चावीवाल्यानं कागदाची नीट घडी घातली, उठला आणि ती अध्यक्षांच्या खिशात ठेवली. कोरी.

“पंप बसवलेला नाही तुम्ही. खालच्या सगळ्या चाव्या बंद केल्यात. नळीवर हात ठेवला तेव्हाच कळलं मला.”

“काका, अहो, तात्पुरती सोय...”

“नाव तेच राहील. पाणी तुम्ही दिलेलं नाही, पण निदान पाटीवर आहे. मतं मागायला याल तेव्हा पोरंटोरंही ते वाचून विचारतील, कुठाय? तेवढी तरी सोय राहू द्या आमची.”

वार्ताहर लिहून घेत होता. मंडळी पायऱ्या उतरली, आणि उतरताना एकमेकांना खात होती.

घरात पिंप काठोकाठ भरलेलं, तिन्ही बादल्या भरलेल्या. बायको पिंपावर फळी झाकत होती. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं चावीवाल्याला वाटलं. “तेव्हा मीच बंद केलं होतं,” तो म्हणाला. “फोटोच्या दिवशी. तुझी बादली अर्धी राहिली ती माझ्या हातानं.”

ती फळी सारखी करत राहिली. “ठाऊक आहे मला.”

“कसं?”

“त्या दिवशी घरी आलात ते त्या बादलीकडे बघितलं नाहीत. अजून बघत नाही.” मग ती वळली. “बंद केलंत त्याचं मला काही नाही. हुकमाचे ताबेदार होतात. पण सहा वर्षं झाली नोकरी सुटून. मी समोर रांगेत असते आणि तुम्ही त्या खोलीचा पडदा ओढता. तो कुणाच्या हुकमानं ओढता हो?”

चार दिवस भरलेलं पाणी पुरलं. कार्यालयाकडे तो फिरकला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आठला पक्षाचे आठ-दहा जण बंद दारापाशी ताटकळत उभे होते. कुलूप एक, चावी एक, आणि ती चावी चावीवाल्याच्या खिशात. दुसरी करून घ्यावी हे तीस वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. डोक्यावर जुनी पाटी होती. रस्त्यापलीकडून चावीवाला येताना दिसला तेव्हा अध्यक्षांना हायसं वाटलं. त्याच्या एका हातात प्लास्टिकची बादली, दुसऱ्या हातात जस्ताची, दोन्ही काठोकाठ. मागून बायको रिकाम्या हातांनी, कठड्याला धरून पहिली पायरी चढत होती.

“काका, चावी!” अध्यक्ष ओरडले. “कधीचे उभे आहोत आम्ही!”

“सावकाश,” बायको मागून म्हणाली, “सांडेल.”

चावीवाला दुसऱ्या पायरीवर थांबला, बादल्या खाली न ठेवता. “हात मोकळे नाहीत,” तो म्हणाला, आणि चढू लागला.